थप्पी बाहेरून मोजणारे

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या व्याख्यानमालेत, अन्नपुरवठा खात्यातून वरिष्ठ पदावरून निवृत्त झालेल्या एका विद्वान अधिकाऱ्यांचे शिधावाटपातील गैरव्यवहार व त्यांचा बंदोबस्त या विषयावर भाषण झाले. वक्ते व्यासंगी, वाणी संयत आणि सेवेतील चारित्र्य निष्कलंक; त्यामुळे त्यांच्या प्रतिपादनाविरुद्ध लेखणी उचलताना, त्याच खात्याच्या तालुका कचेरीत आधी अव्वल कारकून आणि पुढे पुरवठा निरीक्षक म्हणून अठ्ठावीस वर्षे झिजलेल्या माझ्यासारख्याला संकोच वाटावा हे साहजिकच आहे. परंतु भाषणाच्या अखेरीस त्यांनी, देशात ५ कोटी ८० लाख बोगस शिधापत्रिका रद्द झाल्या, म्हणजे तितक्या चोऱ्या उघडकीस आल्या, असे विधान केले आणि सभागृहाने त्यास टाळ्यांच्या कडकडाटात संमती दिली, तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या माझे हात काही केल्या मांडीवरून उठेनात. ते का उठले नाहीत, याचा खुलासा त्या रात्रीच द्यायला हवा होता. सभाधीटपणा अंगी नसल्याने तो आता लिहून देत आहे.

वक्त्यांची विचारसरणी मला उमगली ती अशी: सरकारी धान्य चोरीस जाते ते खोट्या नावांच्या आडून, खोटी नावे खरडून काढली की चोराला आडोसा उरत नाही, अंगठा ओळखणारे यंत्र दुकानात आल्यापासून, दप्तर चाळणारा आणि प्रसंगी दुकानदाराचा मिंधा होणारा निरीक्षक निरुपयोगी ठरला आहे, आणि उद्या धान्याऐवजी रोख रक्कमच बँकेत जमा होऊ लागली की या शोधप्रपंचाची कायमची इतिश्री होईल. मांडणी सुबक आहे, आणि ज्याने गोदामाचे कुलूप उघडून आतला कोंदट, किडक्या गव्हाचा वास छातीत भरून घेतलेला नाही, त्याला ती निर्दोषही वाटेल.

आधी 'बोगस' या शब्दाकडे पाहू. हा शब्द आमच्या कचेऱ्यांतून इतका रुळला आहे की खेड्यातला अडाणी माणूसही तो शुद्ध मराठी समजून वापरतो. खोटी कार्डे नव्हतीच, असे मी म्हणणार नाही. म्हटले तर माझीच तपासणीची टिपणे माझ्याविरुद्ध साक्ष देतील. एका दुकानात, तेलाच्या डब्यांमागच्या फळीवर, सुतळीने बांधलेला कार्डांचा गठ्ठा मी स्वतः जप्त केला आहे. त्यातील निम्मी माणसे मृत होती, काही कधी जन्मलीच नव्हती, आणि तरीही महिनोन्‌महिने ती सर्व गहू, तांदूळ, साखर आणि रॉकेल नियमाने 'उचलत' होती. परंतु ही भुते जन्माला घातली कोणी? ज्याच्या हाती शिक्का होता त्या कचेरीने आणि ज्याच्या हाती तराजू होता त्या दुकानदाराने. त्या गठ्ठ्यातील एकही कार्ड भुकेलेल्या माणसाने केलेले नव्हते. असे असता कार्ड रद्द झाले की चोर पकडला गेला, असे म्हणणे म्हणजे चोरीसाठी वापरलेली शिडी जाळून चोर फासावर दिला असे जाहीर करणे होय. त्या दुकानदाराचा परवाना तीन महिने निलंबित झाला आणि चौथ्या महिन्यात तो पुन्हा त्याच गल्ल्यावर बसला, हे मी पाहिले आहे.

शिवाय ५ कोटी ८० लाख ही जी राशी वक्त्यांनी सादर केली, तिच्या पोटात अनेक जातींची कार्डे आहेत: मेलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची, विभक्त झालेल्या भावांची, दोन ठिकाणी नोंदलेली, आणि केवळ आधार क्रमांकाची जोडणी झाली नाही म्हणून गळलेली. ही सर्व एकाच पोत्यात भरून वर 'बोगस' अशी चिठ्ठी शिवणे ही हिशेबाची रीत नव्हे. झारखंडात यासंबंधी नीट अभ्यास झालेला आहे. तेथील दहा जिल्ह्यांत २०१६ ते २०१८ या काळात रद्द झालेल्या सुमारे १ लाख ४४ हजार कार्डांपैकी नमुन्यादाखल निवडलेल्या कुटुंबांचा शोध अर्थशास्त्रज्ञांनी घरोघर जाऊन घेतला, तेव्हा त्यांतली सुमारे ८८ टक्के खऱ्याखुऱ्या, हाडामांसाच्या माणसांची निघाली. भुते शंभरात बारा. याच राज्याच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. तिच्या घरचे कार्ड आधारजोडणीअभावी रद्द झालेले होते आणि काही महिने घरात शिध्याचा दाणा आलेला नव्हता. मृत्यू हिवतापाने झाला असे शासन म्हणाले, भुकेने झाला असे आई म्हणाली. तो वाद मी सोडवू शकत नाही. पण ते कार्ड कोणाच्या तरी अहवालात चोरी पकडल्याचा पुरावा म्हणून मोजले गेले असणार, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

कार्डधारकावरच्या या संशयाचा इतिहासही वक्त्यांनी सोडून दिला. मुंबईत मे १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले तेव्हा, ए. डी. गोरवाला यांच्यासारख्या करड्या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या त्या यंत्रणेचा डोळा व्यापाऱ्यावर होता. साठेबाज कोण, काळ्या बाजारात कोणाचा माल फिरतो, हा तिचा प्रश्न होता. मलबार हिलवरच्या शेटजींनाही कार्ड होते आणि गिरणगावातल्या जॉबरलाही. त्यामुळे कार्ड बाळगणे हा गुन्हा होऊच शकत नव्हता. गुन्हा एकच, दोनदा उचलणे. पुढे १९९७ साली केंद्राने गरीब आणि बिगरगरीब अशी रेघ ओढली, १ मे १९९९ पासून आपल्या राज्यात पिवळे, केसरी आणि पांढरे असे तिरंगी कार्ड आले, आणि त्या दिवसापासून आमच्या खात्याची नजर दुकानदाराच्या तराजूवरून घसरून खाणाऱ्याच्या ताटावर गेली. 'अपात्र' नावाचा नवा अपराधी या रेघेने निर्माण केला. साठेबाज पकडणे कठीण असते, त्याच्यामागे वकील असतो आणि बहुधा आमदारही. अपात्र पकडणे सोपे, तो स्वतःच कचेरीच्या ओसरीवर कागद धरून उभा असतो.

हा अपात्र कोण, तेही जरा जवळून पाहावे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंब ठरण्यासाठी आपल्या राज्याने ग्रामीण भागात वार्षिक ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये उत्पन्नाची मर्यादा घातली. आता रोजगार हमीची मजुरी घ्या. २०२४-२५ साली ती महाराष्ट्रात दिवसाला २९७ रुपये होती. नवरा-बायकोने मिळून वर्षात एकशे एकोणपन्नास दिवस, म्हणजे प्रत्येकी अडीच महिने, सरकारच्याच कामावर सरकारच्याच दराने माती उपसली, तर त्यांची कमाई ४४ हजारांच्या पुढे जाते आणि सरकारच्याच दृष्टीने ते फसवे लाभार्थी ठरतात. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणताना ते जी रक्कम लिहून घेतात ती खोटी असते, हे तलाठ्याला ठाऊक असते, आम्हाला ठाऊक असते, आणि ज्यांनी मर्यादा घातली त्यांनाही ठाऊक असते. ज्या नियमाचे पालन उपाशी राहिल्याखेरीज होऊ शकत नाही, त्याच्या भंगाला लबाडी म्हणायचे की नियम करणाऱ्याची बुद्धी तपासायची, हा प्रश्न वक्त्यांना त्या व्यासपीठावर पडला नाही.

आणि बचत! रद्द झालेल्या कार्डांचा गुणाकार पाच किलोंशी, त्याचा पुन्हा बाजारभावाशी करून वक्त्यांनी फळ्यावर कोट्यवधींची बचत मांडली. ते विसरले, की २०१३ च्या याच अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक राज्याची लाभार्थीसंख्या बांधून टाकलेली आहे. महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे ७ कोटी. तो २०११ च्या जनगणनेवरून ठरला आणि पुढची जनगणना वेळेवर न झाल्यामुळे तेथेच गोठला. एक नाव गळले तर त्याच्या जागी प्रतीक्षा यादीतील दुसरे चढते, किंवा चढायला हवे. तसे चढले तर बचत शून्य; न चढले आणि धान्याचे नियतन मात्र जुन्याच हिशेबाने येत राहिले, तर ते धान्य कोठे जाते, हा प्रश्न खऱ्या तपासाचा आरंभ आहे.

हा प्रश्न मला प्रथम विचारला तो एका हमालाने, आणि त्याने तो शब्दांत विचारलाही नव्हता. नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी एका आडवळणाच्या तालुक्यात शासकीय गोदामाच्या अचानक तपासणीसाठी मला पाठवण्यात आले; अचानक म्हणजे आदल्या दिवशी गोदामपालाला निरोप पोहोचलेला. आत गव्हाच्या पन्नास किलोंच्या पोत्यांच्या पाच थप्प्या, लाकडी फळ्यांवर नीट रचलेल्या, आणि त्यांतील शेवटच्या थप्पीवर धुरीचे प्लास्टिक ओढलेले. आमची मोजण्याची रीत अशी की समोरून लांबीची पोती मोजायची, बाजूने रुंदीची, मग थर मोजायचे आणि गुणाकार करायचा. शेवटच्या थप्पीचे बारा, आठ आणि चौदा. तेराशे चव्वेचाळीस पोती, सहाशे बहात्तर क्विंटल. साठा नोंदवहीशी आकडा चोख जुळला. गोदामपालाने चहा मागवला होता आणि 'औषध टाकलंय साहेब, त्या प्लास्टिकजवळ नका जाऊ, डोळे जातील,' असे मायेने बजावून ठेवले होते. मी शेरा लिहायला बसणार एवढ्यात, दाराशी बिडी ओढत बसलेला म्हातारा हमाल माझ्याकडे न बघता म्हणाला, 'थप्पीवर चढत न्हाईत का आताचे सायेब?'

चढलो. प्लास्टिकखाली औषधाचा वास नव्हता. माथ्यावरची एक फळी पोती हलवली तर खाली काळोख; हात घातला तर हात मोकळाच गेला. बाहेरून भिंतीसारखी भरगच्च दिसणारी ती थप्पी आतून विहिरीसारखी पोकळ होती, मध्यभागी बांबूचे टेकू देऊन वरचा थर तोलून धरलेला. पंचांसमक्ष ती उकलली तेव्हा चारशेच्या वर पोती कमी भरली. म्हणजे दोनशे क्विंटलांहून अधिक गहू, जो कागदावर जागच्या जागी होता आणि प्रत्यक्षात कुठल्या तरी पिठाच्या गिरणीत दळून निघालेला होता. त्या प्रकरणाचे पुढे जे व्हायचे ते झाले: एक पंच उलटला, दुसरा वारला, मुद्देमालाचे नमुने कोर्टाच्या खोलीत उंदरांनी साफ केले, आणि माझी बदली दोन तालुके ओलांडून झाली. त्या हमालाला कामावरून काढले. दुःख एवढेच, की दोनशे क्विंटलांची ही चोरी त्या वर्षीच्या जिल्हा अहवालात 'साठ्यातील तूट' या सदरात गेली, आणि त्याच पानावर 'बोगस कार्डे रद्द' या सदरात सदतीस कार्डांचा आकडा जाड शाईने लिहिलेला होता.

यंत्राचे कौतुक ऐकताना मला ती पोकळ थप्पी आठवत होती. अंगठ्याचे यंत्र माणूस ओळखते. त्याच्या पिशवीत किती पडले ते त्याला कळत नाही. पाच माणसांच्या कुटुंबाचा अंगठा पंचवीस किलोंवर उमटतो, तराजूत बावीस पडतात, आणि 'वरूनच कमी आलंय, मावशी' हे वाक्य तीन किलोंची भरपाई करते. छापील पावती फाडून हातात देणारा दुकानदार मी विरळा पाहिला. वरून कमी आले हे दुकानदाराचे वाक्य नेहमीच खोटे असते असेही नाही; गोदामातून येणारे पोते दोन-अडीच किलोंनी हलके असते, वाहतूकदार आणि हमालीचा हिस्सा त्याच्या डोक्यावर बसतो, आणि त्याचे अधिकृत मार्जिन वर्षानुवर्षे क्विंटलमागे १५० रुपये राहिले. म्हणजे वरचा चोर खालच्याला चोरी करायला लावतो आणि यंत्र खालच्याच्याही खाली, ग्राहकाच्या बोटावर, रोखलेले. यंत्राला फसवताही येते: उत्तर प्रदेशात २०१८ साली उघडकीस आले ते हे, की नोंदीतले आधार क्रमांक तात्पुरते बदलून, काही शे क्रमांकांवर लाखाहून अधिक व्यवहार उरकण्यात आले होते. बोट खरे, मोजमाप खरे, पावती खरी. केवळ धान्य भलत्याचे. देशभर यंत्रे बसल्यानंतरही, सरकारच्याच उपभोगखर्च पाहणीच्या आधारे २०२४ साली इक्रिअर या संस्थेने गळतीचा अंदाज २८ टक्के काढला. इतर अभ्यासक तो आकडा कमी धरतात. कमी धरूनही तो लाजिरवाणाच राहतो.

उलट जेथे गळती खरोखर आटली तेथे काय केले गेले, हे वक्त्यांनी सांगितले असते तर श्रोत्यांचे कल्याण झाले असते. छत्तीसगडात २००४-०५ साली निम्म्याहून अधिक धान्य वाटेतच नाहीसे होई; पाच वर्षांत ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले. बिहारमध्ये तर नव्वदीच्या वर असलेली गळती २०११-१२ पर्यंत पाव हिश्शावर उतरली. या दोन्ही राज्यांत तेव्हा दुकानात अंगठ्याचे यंत्र नव्हते. छत्तीसगडने खाजगी व्यापाऱ्यांकडून दुकाने काढून ती ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांकडे सोपवली, कमिशन वाढवले, धान्य दुकानाच्या दारापर्यंत सरकारी खर्चाने नेले, आणि मालमोटारी पिवळ्या रंगाने रंगवल्या, की कोणत्याही वळणावर उभ्या असलेल्या गुराख्यालाही रेशनचा ट्रक कुठे वळतोय ते कळावे. ट्रक निघाला की गावकऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर संदेश येई. त्याहून मोठी गोष्ट ही, की तेथे बहुसंख्य कुटुंबांना कार्ड दिले गेले. त्यामुळे दुकान उघडले नाही तर ओरडणारी तोंडे गावभर झाली. आमच्याकडे मात्र ज्यांची तोंडे मोठी त्यांना आपण आधी पांढरे कार्ड देऊन रांगेबाहेर काढले आणि मग रांगेतल्यांचा आवाज का ऐकू येत नाही याचे आश्चर्य करत बसलो.

आपल्या राज्यातील मोठी प्रकरणे तरी कोठे सापडली? नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याचे धान्यप्रकरण २०१५ साली विधिमंडळात गाजले आणि तहसीलदारांपर्यंतच्या अधिकाऱ्यांवर निलंबनाची पाळी आली, ते गोदामातल्या साठ्यावरून. नांदेड जिल्ह्यात कृष्णूरच्या औद्योगिक वसाहतीत २०१८ साली पोलिसांनी सरकारी धान्याचे ट्रक एका कारखान्याशी पकडले, ते रस्त्यावर. या दोहोंपैकी एकही प्रकरण कोणाच्या अंगठ्यातून निघाले नाही. पोती मोजून आणि गाड्यांचा माग काढून ती निघाली. यंत्राच्या आगमनाने अनावश्यक ठरलेले काम म्हणतात ते हेच.

या कामाची किंमत कोणी मोजली, तेही व्याख्यानात आले नाही. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळच्या पानेवाडी येथे, इंधनाच्या टँकरमधील भेसळ टिपत असताना, भरदिवसा अंगावर तेल ओतून जिवंत जाळण्यात आले. शिधापत्रिकेवरचे निळे रॉकेल स्वस्त, म्हणून ते गरिबाच्या स्टोव्हऐवजी टँकरमध्ये जाई आणि पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळून दामदुपटीने बाहेर पडे. सोनवणे उभे होते ते त्या व्यापाराच्या उगमाशी. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाचे झेंडे फडकले, त्यानंतर राज्यभरच्या कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले, काही दिवस छाप्यांची धूम उडाली. मी तेव्हा सेवेत होतो. आमच्या कचेरीत त्या आठवड्यात जी शांतता होती ती मी विसरलेलो नाही. प्रत्येकजण मनात आपापल्या तालुक्यातला एखादा ढाबा, एखादी गिरणी, एखादे नाव आठवत होता. विधवेचे कार्ड रद्द करणाऱ्या निरीक्षकाच्या अंगावर आजवर कोणी रॉकेल ओतलेले नाही. धोका कोठे आहे यावरून चोरी कोठे आहे हे ओळखण्याइतके व्यवहारज्ञान आमच्या खात्यात सर्वांनाच आहे. म्हणूनच तर तपासाची पथके कार्डांच्या मागे जास्त उत्साहाने निघतात.

रोख रकमेच्या तोडग्याविषयी दोन वाक्ये पुरेत. रांचीजवळच्या नगडी प्रखंडात २०१७-१८ साली तो प्रयोग झाला: आधी पैसे बँकेत, मग बँकेतून पैसे काढून दुकानात सवलतीविना पूर्ण दराने धान्य, माणसे बँक, ग्राहक केंद्र आणि दुकान अशा तीन दारांत रोजगार बुडवून फिरली, आणि वर्षाच्या आत शासनाला तो गुंडाळावा लागला.

येथे माझ्या दुसऱ्या बाजूच्या मित्रांशीही भांडणे प्राप्त आहे. चळवळीत आयुष्य वेचलेले हे सज्जन म्हणतात, की तपासणी मुळात गरिबांचा छळ आहे, तेव्हा निरीक्षकच नको. त्यांच्या करुणेबद्दल मला आदर आहे, पण निरीक्षक गेला तर दुकानातल्या बाईची बाजू घ्यायला सरकारी शिक्का असलेला एकही माणूस उरणार नाही, हे ते लक्षात घेत नाहीत. अन्नसुरक्षा कायद्याने दुकान, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा चारही पातळ्यांवर दक्षता समित्या नेमायला सांगितल्या आहेत, सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली आहे, तक्रार निवारण अधिकारी ठेवला आहे. आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने सुचवलेला दिलासा वाजवी कारणाविना न देणाऱ्या अधिकाऱ्यास दंड किती, तर जास्तीत जास्त ५ हजार रुपये. दक्षता समितीच्या सभेचे इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशी लिहून, सह्यांसाठी ते सदस्यांच्या घरोघर शिपायाबरोबर पाठवण्याचे पातक मी स्वतः केले आहे, आणि एका सदस्याने सही करताना 'सभा कशी झाली?' असे विचारल्याचेही मला स्मरते. ज्याच्याकडे शंभरावर दुकाने, दिमतीला वाहन नाही, हाताखाली माणूस नाही, आणि थप्पीवर चढल्यास बदली ठरलेली, तो निरीक्षक थप्पी बाहेरून मोजतो आणि वर्षअखेरचा लक्ष्यांक कार्डे खोडून पुरा करतो. त्याला काढून टाकल्याने काय साधणार? त्याला गाडी द्या, वजनकाटा द्या, तीन वर्षांच्या आत बदली करता येणार नाही असे लेखी द्या, आणि वर्षअखेरीस त्याने किती कार्डे खोडली हे न विचारता त्याच्या तालुक्यात आलेल्या धान्यापैकी किती किलो खरोखर पिशव्यांत पडले ते विचारा. हे मोजता येत नाही अशी सबब सांगू नये. दर महिन्याला दहा दुकानांबाहेर उभे राहून पन्नास पिशव्या पुन्हा तोलायच्या, याला कोणतेही यंत्र लागत नाही.

वक्त्यांच्या त्या ५ कोटी ८० लाखांत माझाही वाटा आहे, हे सांगितल्याशिवाय हा खुलासा पुरा होणार नाही. निवृत्तीच्या दोनेक वर्षे आधी अपात्र कार्डांच्या शोधाचा हुकूम आला, तो नेमका मार्गशीर्षात. मराठवाड्यातला तो तालुका ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन कोयते, म्हणजे तोडणारी जोडपी, गाडीत बसली की वाड्या-तांडे चैत्रापर्यंत ओस. आम्ही यादी घेऊन तांड्यावर गेलो तर एका ओळीत अकरा घरांना कुलूप, एका ओट्यावर फक्त आंधळी म्हातारी आणि शेळी. पथकाबरोबरच्या तलाठ्याने सांगितले, की घर बंद असल्यास 'कुटुंब गावी राहत नाही' असा शेरा मारण्याची सूचना आहे. माणसे कोठे आहेत हे मला ठाऊक होते, तलाठ्याला ठाऊक होते, त्या म्हातारीने तर साखर कारखान्याचे नावही सांगितले. दिवस मावळायला आला होता, पुढे तीन वस्त्या उरल्या होत्या, आणि लक्ष्यांक अपुरा होता. मी अकरा वेळा तो शेरा लिहिला व खाली सही केली.

चैत्रात एक बाई कचेरीत आली. उसाच्या पात्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत चिरलेले, कडेवर मूल. दुकानदाराने कार्ड बंद झाल्याचे सांगितले म्हणून ती आली होती. मी नोंदवही काढून शेरा वाचून दाखवला. तिने कमरेची पिशवी सोडून घराची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारले, की घर आपलेच आहे हे दाखवायला आणखी काय आणायचे. मी चार कागदांची यादी लिहून दिली. तिला ती वाचता येत नव्हती. तिने ती घडी करून मुलाच्या मुठीत दिली, किल्ली उचलली आणि बाहेरच्या बाकावर, वाचून दाखवणारा कोणी येईपर्यंत, बसून राहिली.